पाय ब्रेकवर असताना

आमच्या छोट्या गाडीला आठव्या वर्षी एक विचित्र खोड लागली. धावताना ती अगदी बरी असायची, उभी राहिली की थरथरायची. मी वणीला राहते आणि राजूरच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात रक्त तपासते. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. कोळशाची मालगाडी आली की तिथं निवांत थांबावं लागतं. अशा वेळी इंजिन इतकं हलायचं की आरशातला मागचा ट्रक दोन-दोन दिसायचा. मग एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला आणि सांगितलं, ‘लीन’ दाखवतो, म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यानं ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा विझला आणि आठव्या दिवशी पुन्हा लागला. मग त्यानं प्लग बदलले. पुन्हा तेच. मला चीड येण्याऐवजी नवल वाटायला लागलं. हिमोग्लोबिन कमी आलं तर आम्ही यंत्र फेकून देत नाही, रक्त कुठं जातंय ते शोधायला सांगतो. इथं हवा कुठून येते हे कुणी का बघत नव्हतं?

केंद्रातल्या शिपाईमामांनी मला राजूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. पन्नाशीचे, मूळ ढाणकीकडच्या तांड्यावरचे. अर्धं आयुष्य खाणीच्या ट्रकांखाली घालवून आता ते लहान गाड्या बघायचे. मी सगळं सांगितलं तर ते हसले.

“सेन्सर कायले बदलला ताई? तो तं बिचारा खरं सांगून राह्यला होता.”

त्यांनी गाडी सुरू केली. अंगणात ती शहाण्या मुलीसारखी उभी, जरासुद्धा हलेना. त्यांनी प्रत्येक नळी चाचपली. मग इंजिन बंद करून, एका डब्यात धूर करून तो हवेच्या वाटेनं आत सोडला. कुठं फट असेल तर तिथून धूर बाहेर यायला हवा होता. आम्ही दोघं बॉनेटवर वाकून वाट पाहत होतो. कुठूनच काही आलं नाही.

“हवा घुसते कुठून मंग?” ते स्वतःशीच म्हणाले. जरा वेळानं मला विचारलं, “फाटकापाशी तुम्ही नेमकं काय करता?”

“काय करणार भाऊ? थांबते.”

“चला, मले थांबून दाखवा.”

ते स्कॅनर घेऊन माझ्या शेजारी बसले. जास्तीच्या हवेला पुरं पडावं म्हणून गाडीतला संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, तो आकडा त्यावर दिसत होता. फाटक बंदच होतं. मी थांबले आणि आकडा चढायला लागला. पाच, बारा, वीस. इंजिन थरथरलं. त्यांनी एसी बंद करायला लावला, दिवे बंद करायला लावले. काही फरक नाही. मग त्यांची नजर खाली गेली.

“पाय कुठं हाय तुमचा?”

“ब्रेकवर.”

“हँडब्रेक ओढा अन् पाय काढा बरं.”

मी पाय काढला. इंजिन एकदम शांत झालं आणि आकडा उतरला. “ठेवा.” पुन्हा थरथर. “काढा.” शांत. आम्ही हे चार-पाच वेळा केलं, आणि खरं सांगते, मला लहान मुलासारखी मजा येत होती. मग त्यांनी डोकं थेट पेडलपाशी नेलं. “आता दाबा.” मलाही ऐकू आलं, बारीक फुस्स. त्यांच्या अंगणात ब्रेकवर कुणाचा पायच नव्हता!

परत आल्यावर त्यांनी इंजिनामागचा काळा, थाळीएवढा गोल डबा दाखवला. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीच्या जोरावर हा डबा ब्रेक हलका करतो. त्यात रबराचा पडदा असतो. तो फाटला की ब्रेक दाबताक्षणी बाहेरची हवा त्यातून थेट इंजिनात शिरते.

“मग धूर काहून नाही निघाला?” मी विचारलं.

“नळीत झडप हाय. हवा डब्यातून इंजिनाकडं जाते, उलटी जात नाई. आपला धूर तिथंच अडला.”

खात्रीसाठी त्यांनी फडकं गुंडाळून ती नळी पकडीनं दाबून धरली आणि मला ब्रेक दाबायला सांगितला. इंजिन हललं नाही. दोन-तीनदा दाबल्यावर मात्र पेडल दगडासारखं झालं. त्यांचं हसू गेलं. “ताई, गाडी इथंच ठेवा. आज इंजिनच थरथरून राह्यलं, उद्या वेळेवर ब्रेक लागणार नाई.” महिनाभर ब्रेक जड लागत होता, आणि मी नव्या चपलेला दोष देत होते. त्या संध्याकाळी मी ऑटोतून घरी गेले.

चार दिवसांनी नागपूरहून नवा डबा आला. तो बसवल्यावर पाय ब्रेकवर ठेवला तरी आकडा दोन-तीनच्या वर गेला नाही, आणि दिवाही पुन्हा लागला नाही. जुना डबा त्यांनी छिन्नीनं फोडला, फक्त बघायचं म्हणून. पडद्याच्या घडीत नखाएवढी चीर होती. ते ती बोटांनी ताणून उन्हात धरत होते.

“तुम्ही रक्तात असंच शोधता काय?” त्यांनी विचारलं.

“या एकदा, दाखवते,” मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते खरंच केंद्रात आले. मी त्यांच्या बोटातून थेंब घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शक लावून दिला. ते डोळा भिंगाला चिकटवून बसले.

“ह्यातली हवा वाहून नेणारी कोणती?”

“त्या सगळ्या लाल, गोल पेशी दिसतात ना, त्याच.”

“बाप रे,” ते म्हणाले. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते, पण त्यांना उठा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.