सुमनचा शालू आणि माझं सुंदर अक्षर

माझ्या बहिणीच्या, सुमनच्या लग्नाचा शालू फिलिपिन्सला गेला. नवरी मात्र वसमतलाच राहिली.

तेव्हा मी दुबईत एसी दुरुस्तीच्या कामाला होतो. (दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट.) आमच्या इमारतीत तीन मजले नुसते फिलिपिनो! कुणी नर्स, कुणी हॉटेलात. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून गाणी म्हणत, घरी पाठवायची भलीमोठी खोकी भरायचे. शेजारच्या रोझालीनं आईसाठी खोकं भरलं, आणि हौसेनं माझंही, सुमनच्या शालूसकट, भरून दिलं.

"नावं मी लिहितो!" मी म्हणालो. (अक्षराचं बक्षीस होतं ना शाळेत!) लिहिली झोकात. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला!

मी रजेवर घरी पोचलो. लग्नाला आठ दिवस असताना खोकं आलं, आणि नेमके औंढ्याचे व्याही-विहीण शालू बघायला हजर. दोघंही माळकरी!

"उघड की, पाव्हणे ताटकळलेत," बाबा म्हणाले.

वर टूथपेस्टा. मग लहानग्या येशूची मूर्ती. विहीणबाईंनी हात जोडले. "किती गोड बाळकृष्ण!" त्याखाली मटणाचे डबे. डब्यावर हसरं डुक्कर!

"हे काय हाय?" व्याह्यांनी चष्मा चढवला.

"साबण!" मी ओरडलो.

"साबणावर डुक्कर काहून?"

ते चहा न घेताच उठले. सुमन आत हमसून रडत होती. बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. एसटीडी बूथवरून रोझालीला फोन लावला, तर तीही रडायला लागली. "आई विचारतेय, एवढा लांब पडदा कुठल्या खिडकीला लावू?"

शेवटी औंढ्याला जाऊन व्याह्यांचे पाय धरले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "ती लेक परमुलखात राबून मायला सामान धाडून राहिली, अन् तुमी ते इथं आणलं? आधी तिचं तिला पोचतं करा. लग्न काय, साध्या साडीतबी लागतं."

लागलं! मूर्तीसकट खोकं मी रोझालीच्या आईला धाडलं. (ह्या वेळी नाव सुमननं लिहिलं.)

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचं, लताचं लग्न ठरलं. पत्रिकेत खाली छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.'

"बाबा, पाव्हण्यांना वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं.

"त्यांना खुशाल आणू दे," बाबा म्हणाले. "ते तुझ्यासाठी छापलंय."