माईंची तिकोनी काच

वास येत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

अप्पांची गाडी मी सोनकच्छच्या रस्त्याला सगळ्या काचा लावून पळवून आणली होती. सीटखाली, डॅशबोर्डखाली नाक खुपसून हुंगलं. काही नाही. गाडी कुठली ते सांगत नाही. गोल दिवे, स्टीअरिंगला गिअर, पुढच्या दारांना छोटी तिकोनी काच, ओळखणारे ओळखतील. अप्पा म्हणजे आमच्या देवासचे रिटायर्ड हेडमास्तर, आणि मी त्यांच्या हातची छडी खाल्लेला मेकॅनिक.

"अप्पा, गाडी एकदम टकाटक आहे."

"मग मी काय खोटं बोलतोय? गाडीत जळका वास येतो, धारला पोचेपर्यंत माईला भोवळ येते. मागच्या खेपेला उलटी झाली. आता म्हणते, मी बसनं जाईन."

माई म्हणजे त्यांची बायको. माईंची थोरली बहीण, अक्का, धारला तिरल्याच्या रस्त्यावर राहते. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. माईंची धारची खेप चुकत नाही.

"मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, बाबा बेच दो. इंदूरचं गिऱ्हाईकही बघून ठेवलंय त्यानं." अप्पांनी चष्मा काढून पुसला. "माई बसणार नसेल तर देऊनच टाकतो, सुभाष. एकटा मी हिच्यातून कुठं जाऊ?"

मला एकदम वाईट वाटलं. छडी विसरलो.

गाडीत वास मुख्यतः दोन तऱ्हेचे येतात. कच्च्या पेट्रोलचा आला, तर टाकी, पाइप, कार्बोरेटर बघायचा. जळक्या धुराचा आला, तर सायलेन्सर. धुराचा वास जास्त वाईट, कारण त्याच्याबरोबर एक गॅस येतो, ज्याला स्वतःला वासच नसतो. माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. लोक वरून अत्तराची बाटली टांगतात! अरे भिया, मरायची एवढी हौस?

माईंना यायचा तो जळका वास. म्हणून गाडी लिफ्टवर घेतली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून इंजिन चालू केलं. पाइप कुठं फुटला असेल, तर तिथून फुसफुस ऐकू येते. नाही आली. जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा नाही. माझं डोकं सटकलं.

"अप्पा, तुम्ही एकटे असता तेव्हा येतो का वास?"

"नाही. माई बसली की येतो."

मी हसलो. हेडमास्तरांनी असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

शेवटी माईंनाच बोलावलं. यायला तयार नव्हत्या, पण आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला आणि हात आपसूक त्या तिकोनी काचेवर गेला. खट्. काच उघडली. मी मागं बसलो, अप्पांनी गाडी काढली. गाव सुटून वेग धरला आणि आला की वास! चांगला घसा खवखवण्यासारखा.

"माई, काच लावा."

लावली. वास विरला.

"आता उघडा."

पुन्हा आला.

आता कळलं. चालत्या गाडीच्या ढुंगणामागं धूर घुटमळत राहतो. ती काच बाहेरच्या वाऱ्यात तिरकी उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते. मग तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. ती मागून येत होती, धूर घेऊन. म्हणजे मागं कुठंतरी भोक होतं.

सोपा उपाय तोंडावर आला. "माई, ही काच बंद ठेवा. काम खतम."

माईंनी काच लावली. अप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि मला खाली उतरवलं.

"लग्न करून धारहून हिला आणलं ते ह्याच गाडीतून," ते हळू आवाजात म्हणाले. "इंदूर येईपर्यंत रडत होती. मागं माझे बाबा बसलेले. काय बोलावं मला सुचेना. ती काच उघडून दिली, म्हटलं, वारा घे. तेवढंच. ती हसली. तेव्हापासून बसली की उघडते. ती लाव असं मी तिला सांगणार नाही. गाडी विकेन."

घ्या! म्हणजे भोक शोधणं आलं.

गॅरेजमध्ये येऊन डिक्की रिकामी केली, चटई काढली आणि स्वतः आत शिरलो. माझं पोट बघता हे सोपं नव्हे. "झाकण लावा अप्पा. आणि मी ठोकलं की लगेच उघडा बरं का!" अंधार झाला. खाली फरशीवर लावून ठेवलेल्या बल्बचा उजेड दोन जागी आत आला. दोन गोल भोकं, चटईच्या बरोबर खाली. पाणी काढायला ती कंपनीच ठेवते, वर रबराची बुचं असतात. बुचं नव्हती. कडा साफ. कुणीतरी हातानं काढलेली.

बाहेर आलो तो खवळूनच. "बुचं कुणी काढली?"

माई म्हणाल्या, "मी."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अक्काची बाग वाळायला लागली. तिला आता उठवत नाही. दर खेपेला एक-दोन कुंड्या आणते, घरी जगवते. कुंडीचं पाणी डिक्कीत साचायचं. पत्रा सडला असता. यांचा सगळा जीव त्या गाडीत. म्हणून उलथन्यानं बुचं काढली. मला काय ठाऊक धूर येईल ते!"

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही डिक्कीत माती येऊ दिली असतीत?"

हेडमास्तरांनी वाकून ती दोन भोकं बघितली. मग म्हणाले, "इतके दिवस तू माझ्या गाडीपायी त्रास काढलास." मी उगीच पाना शोधायला लागलो.

बुचं नवी बसवली. डिक्कीच्या झाकणाचं रबर बदललं. कुंड्यांसाठी पत्र्याचा खोल ट्रे करून घेतला, म्हणजे पाणी त्यातच राहील. मग धारपर्यंत मी बरोबर गेलो. काच उघडी. रस्ताभर मी कान टवकारावेत तसं नाक टवकारून बसलो होतो. वास नाही. माई अक्कांच्या दारात खणखणीत उतरल्या. परतताना ट्रेमध्ये जास्वंदीची कुंडी होती.

माई बसायच्या आधी अप्पा त्यांच्या बाजूला गेले आणि तिकोनी काच स्वतः उघडून दिली. मग खिशातून फोन काढला आणि मुलाला सांगितलं, "गिऱ्हाईकाला नाही म्हण."

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये एक नियम आहे. कुणी म्हणालं, बायको बसली की वास येतो, तर हसायचं नाही. आधी बायकोला गाडीत बसवायचं.