सोन्याच्या कांड्या

साताऱ्यात पीएच.डी. करत होते तेव्हा शेजारच्या टेबलावर जत तालुक्यातली एक मुलगी काम करायची. घरी मेंढरं, घराण्यात शिकलेली ती पहिलीच. तिचं काम सोन्याच्या कणांवर होतं. डोळ्यांना न दिसणारा कण द्रावणात सोडायचा आणि तो वाढवून त्याची कांडी करायची. असा कण सगळ्या बाजूंनी सारखा असतो. नुसता सोडला तर सगळीकडून सारखाच वाढतो आणि त्याचा गोळा होतो. कांडी हवी असेल तर ही समानता मोडून वाढ एकाच दिशेला न्यावी लागते. त्यासाठी साबणासारखी एक पांढरी पूड वापरतात.

पहिल्या वर्षी तिच्या कांड्या झाल्या. मग पुडीची नवी बाटली आली आणि द्रावण रोज कोकम सरबतासारखं लाल व्हायला लागलं. लाल म्हणजे गोळे. तिनं काचेची भांडी ॲसिडनं इतकी धुतली की बोटांची सालं निघाली. एक दिवस आमचे गाईड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मेंढरं वळण्याइतकं सोपं नाही." ती त्याच आठवड्यात सोडून गेली.

तिचं काम माझ्याकडे आलं. माझेही गोळेच. शेवटी पुण्याच्या मैत्रिणीकडून दुसरी बाटली मागवली, तर पहिल्याच खेपेला कांड्या झाल्या. तपासणीत कळलं, आमच्या पुडीत आयोडाइडचा बारीकसा अंश होता. कणाला चिकटून तो एका दिशेची वाढच होऊ देत नव्हता.

सरांना सांगितलं. म्हणाले, "मग बाटली बदला." बस, एवढंच.

ती शिरवळला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी गेले, तिची पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे माझा हात वाईट नव्हता?"

"नव्हता गं."

तिनं चहाचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाली, "पोरगी सोन्याचं काम करती, असं आप्पा गावभर सांगायचे. मी परत गेले तर लोक म्हणाले, सोनं चोरलं आसंल, म्हणून हाकलली."

"आणि आप्पा?"

"त्येंनी कवा इचारलंच न्हाई. इचारलं आसतं तर सांगितलं तरी आसतं. गेले गं ते, पाडव्याच्या आधी."

परत ये, सरांशी मी बोलते, असं मी म्हणाले.

"त्याच खोलीत? न्हाई."

कंपनीची बस आली. चहा तसाच ठेवून ती चढली. खिडकीतून तिनं हात केला की पदर सावरला, मला नीट दिसलं नाही.