मिठाला ट्रान्सफर नाही

त्या शून्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. शून्य मिळालं होतं पाचवीतल्या एका मुलीला. पण तिनं लिहिलेली गोष्ट माझी होती.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन विदर्भातून भोपाळला आले, सोनागिरीत एका खोलीत राहिले आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत आया म्हणून लागले. रोजंदारीवर. कुणी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की संपलं, अशी नोकरी. जीव कायम मुठीत. तरी त्या शाळेचे उपकार मी विसरणार नाही, कारण माझं राहिलेलं शिक्षण तिच्याच व्हरांड्यात झालं. विज्ञानाचे एक म्हातारे सर सगळं गोष्टीतून शिकवायचे. मी फडकं घेऊन दाराशी रेंगाळायची. त्यांनी कधी हाकललं नाही. उलट म्हणायचे, "आत या बाई, तिथून फळा दिसत नाही."

सर रिटायर झाले, तशी मधल्या सुट्टीत पोरं माझ्या मागं लागली. मग मी त्यांच्या घरातलंच घेऊन गोष्टी रचू लागले. ऑर्डर आली की क्वार्टर खाली करायचं, दारात ट्रक लागायचा, हे टाउनशिपच्या प्रत्येक पोरानं पाहिलेलं. म्हणून माझा सूर्य मोठा साहेब. तो समुद्रातल्या थेंबांना ऑर्डर काढतो, ऊन लागलं की वाफ होऊन वर निघा. थेंब विचारतात, साहेब, मीठ बरोबर नेऊ? साहेब म्हणतो, मिठाला ट्रान्सफर नाही, ते खालीच राहील. वर गारठा लागला की वाफेचे परत थेंब होतात आणि पोस्टिंग निघेल तिथं पडतात.

"मौसी, बूँद को टीए-डीए मिलता है क्या?" एक कार्टं ओरडलं होतं. सगळे हसले होते. मीही.

परीक्षेत प्रश्न आला, समुद्राचं पाणी खारट, मग पावसाचं का नाही? त्या मुलीनं लिहिलं, उन्हानं थेंबांची वाफ होते, त्यांना वर ट्रान्सफर मिळते, मिठाला मिळत नाही, ते समुद्रातच राहतं.

विज्ञानाच्या नव्या मॅडमनी त्यावर लाल शाईनं शून्य काढलं, हे कुणी शिकवलं ते तिला विचारलं आणि पेपरसकट आम्हा दोघींना मुख्याध्यापिकेपुढं उभं केलं.

मुख्याध्यापिका मराठीच, पुण्याकडच्या. "किती शिकलात तुम्ही?"

"सातवी."

"मग विज्ञान शिकवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ट्रान्सफर! हद है," मॅडम म्हणाल्या.

मी घाबरत घाबरत म्हटलं, "पण मॅडम, मीठ खालीच राहतं ना?"

"प्रश्न मिठाचा नाहीये," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुस्तकात वाष्पीकरण दिलंय. तो शब्द कुठाय उत्तरात?"

म्हणजे वाफ होण्याला हिंदी पुस्तकातला एक शब्द! अहो, एका शब्दाचा अर्धा मार्क कापा, एक कापा. शून्य म्हणजे पोरीला काहीच कळलं नाही असं झालं. आणि तिच्याएवढं त्या वर्गात कुणाला कळलं होतं? बाकीच्यांनी तो शब्द पाठ करून लिहिला होता. त्यातल्या कितींना मिठाचं काय झालं ते सांगता आलं असतं?

हे सगळं मी मनात बोलले.

"या वेळी सोडते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "यापुढं फक्त साफसफाई. गोष्टी बंद."

मी हात जोडून "थँक्यू मॅडम" म्हणाले. नोकरी राहिली म्हणून खरंच बरं वाटलं होतं. त्याचाच आता जास्त संताप येतो.

बाहेर व्हरांड्यात मुलीनं माझा पदर धरला. ती घरी मराठी बोलणारी, एकटी असली की माझ्याशीही मराठीतच बोलायची. "मौसी, मग मीठ वर जातं का?"

ऑफिसचं दार उघडंच होतं. मी म्हटलं, "मॅडम सांगतील तसं लिहीत जा, बेटा."

तिनं मान हलवली आणि वर्गात गेली. तिला ते कळलेलं होतं हो. आम्ही तिघी मोठ्या बायकांनी मिळून ते तिच्याकडून काढून घेतलं.