उजवीकडे वळणारे सुकाणू

मुलांनो, दिवाळीत पाठवलेल्या फोटोत माझ्यामागच्या काचेच्या कपाटात एक लाकडाची फळी दिसली आणि ती कशाची, असे तुम्ही फोनवर विचारलेत. विमानाची, एवढेच मी सांगितले. फोनवर सांगण्याजोगी ती गोष्ट नाही. ती पाहिलेल्यांपैकी आता आम्ही दोघीच उरलो आहोत, मी आणि माझी धाकटी जाऊ. लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिव, वयनी. पण खरां लिव." म्हणून लिहिते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी लग्न होऊन आचऱ्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा घरात सासूबाई, तुमचे आजोबा आणि माझे दीर होते. आजोबा शाळेत मास्तर होते. दीर जहाजावर वायरलेस ऑफिसर. एका रजेत त्यांनी विलायतेहून एका मोठ्या ग्लायडरचा नकाशा आणला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, वाऱ्यावर तरंगणारे विमान. नकाशा उलगडला की माजघरातली सगळी जमीन व्यापायचा. बरोबर रेडिओचे सामानही होते. हातात धरायच्या पेटीवर एकच बटण, आणि विमानात बसवायचा छोटा रिसीव्हर.

सूचना इंग्रजीत होत्या आणि दिरांना वाचत बसायचा कंटाळा. त्यामुळे मी वाचायची आणि ते कापायचे. पंखाच्या प्रत्येक फासळीवर मी शाईने आकडा घालून ठेवी. आणलेले हलके लाकूड अर्ध्यात संपले, तेव्हा सावंतवाडीहून खेळण्यांसाठी वापरतात तो पांगारा मागवला. याच रजेत दिरांचे लग्न झाले आणि माझी जाऊ घरात आली. पंखावर ताणायला तिने आपली रेशमी साडी दिली. "नेसूच्या आदी फाडलंस," म्हणून सासूबाई तिला चिडवत. दिरांनी त्या रेशमावर लाखेसारखे काहीतरी चढवले. त्याचा उग्र वास घरभर आठवडाभर होता.

सुकाणू कसे चालते, ते इथेच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. विमानाच्या पोटात एक रबर पीळ देऊन ठेवलेले असे. बटण दाबले की रबराचा पीळ थोडा सुटे आणि शेपटीचे सुकाणू उजवीकडे वळे. सोडले की मध्ये येई. पुन्हा दाबले की डावीकडे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, हा क्रम चुकायचा नाही. नकाशात तसे स्पष्ट लिहिले होते आणि ते मीच वाचून दाखवले होते.

विमान जवळजवळ पुरे झाले आणि दिरांची रजा संपली. "माळ्यार ठेवा. मी इल्यार उडवया," असे सांगून ते गेले.

पुढच्या पावसाळ्यात कंपनीचे पत्र आले. जहाज ठरलेल्या बंदराला पोचलेले नाही, शोध चालू आहे. त्यानंतर काही आले नाही.

वर्ष गेले. माझी जाऊ तेव्हा वीस वर्षांची असेल. ती रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावी आणि गाव ते बघे. दिरांचे क्रियाकर्म करावे, म्हणजे त्यांना गती मिळेल, असे भावकीतले लोक म्हणू लागले. क्रिया करायची म्हणजे तिचे कुंकू पुसायचे. सासूबाई ऐकत नव्हत्या, पण त्यांनाही आधार कशाचाच नव्हता.

एका दुपारी त्या माळ्यावर वाळलेली आमसुले ठेवायला गेल्या. मी खाली सुपात तांदूळ निवडत होते. माळ्यावरून त्यांचे बोलणे ऐकू आले. वर कोणी नव्हते, म्हणून मी शिडी चढले. त्या विमानासमोर बसल्या होत्या.

"काय झाला, आई?"

"हेका विचारलंय, माझो झील आसा मां? तर उजवो दिल्यान."

झील म्हणजे मुलगा. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तो तुम्ही पाहिलेला नाही. मूर्तीला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सासूबाईंचा जन्म त्यात गेलेला. सुकाणू उजवीकडे हलताना पाहून त्यांना दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते.

आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "रबराला पीळ आहे. धक्का लागला की सुटतो." विमानातली बॅटरी त्यांनी केव्हाच काढून ठेवली होती. पण धक्का लागावा असे वर काही नव्हते. माळ्यावर वाराही येत नसे.

मग सासूबाई दर सोमवारी दुपारी वर जाऊ लागल्या. कधी काहीच होत नसे. कधी बराच वेळ गेल्यावर आत कट् असा आवाज येई आणि सुकाणू वळे. नेहमी उजवीकडे. मला क्रम ठाऊक होता. एकदा उजवीकडे वळले की पुढच्या वेळी डावीकडेच वळायला हवे. दर सोमवारी मी जीव मुठीत धरून त्या डावीची वाट बघे, आणि ती येत नसे.

एका सोमवारी सकाळी मी माळ्यावर गेले, तर जाऊ विमानापाशी होती. तिने रबर अडवणारी आतली खिटी बोटाने हळूच दाबली. सुकाणू डावीकडे जाऊन मध्ये आले. आता पुढचे उजवे. तिने मला पाहिले आणि केरसुणी उचलून माळा झाडू लागली. मी शिडी उतरले. उजवे का, ते मला कळले. पण दुपारी ते आपोआप का हलते, ते तिलाही माहीत नव्हते.

मार्गशीर्षात थोरले चुलत सासरे आले. ओटीवर बसून त्यांनी विषय काढला.

"किती दिवस ह्यां असा? लोक हसतत. चेडवाचा कुंकू कोणाच्या नावाचा?"

"तुमी बसा, भावजी," सासूबाई म्हणाल्या. "विचारूया. डावो दिल्यान तर उद्या भटाक बोलवा."

"इमानाक विचारतलंस?"

"तुमी देवाक विचारतास. माझ्या झिलान ह्यां केल्यान, मी हेका विचारतंय."

सगळे वर गेलो. वार सोमवार नव्हता. आदल्या सोमवारी सुकाणू उजवीकडे वळले होते. म्हणजे आज डावे. मी जावेकडे पाहिले. ती शिडीच्या वरच्या पायरीवरच उभी होती, विमानापासून लांब.

सासूबाईंनी हात जोडले. "माझो झील आसा काय?"

बराच वेळ काही झाले नाही. चुलत सासरे उठायला लागले. तेवढ्यात कट् झाले आणि सुकाणू उजवीकडे वळले. नेहमी ते लगेच मध्ये येई. त्या दिवशी तसेच राहिले.

सासरे खाली उतरले. चहा तसाच ठेवून, टोपी घालून गेले. स्वयंपाकघरात जाऊ माझ्याजवळ आली आणि पुटपुटली, "आज मी हात लावूक नाय, वयनी."

त्या रात्री मी आजोबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "हे घरातून गेलं पाहिजे." सासूबाई अडवतील असे वाटले होते. पण त्या म्हणाल्या, "जाऊंदे. माझ्या झिलाक व्हया आसात."

आम्ही विमान सड्यावर, कातळाच्या पठारावर नेले, जिथे कातळ संपतो आणि कड्याखाली समुद्र आहे. वारा समुद्राकडून कड्यावर चढत होता. आजोबांनी नवी बॅटरी घातली, बटण दाबून पाहिले. उजवे, डावे, उजवे, डावे, सगळे क्रमाने. मग त्यांनी धावत जाऊन ते सोडले. ते खाली न जाता वर चढले. जावेच्या साडीचा रंग उन्हात पलीकडून दिसत होता. आजोबांनी बटण दोनदा दाबले आणि दुसऱ्या वेळी ते डावीकडे, जमिनीकडे वळले. दोन फेऱ्या त्याने त्यांचे ऐकले. घारी घिरट्या घालत होत्या, त्या एकदम पांगल्या.

मग ते उजवीकडे वळले. "मी दाबलं नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबले. विमान घाई न करता, एकसारखे, समुद्रावरून लांब जात राहिले. दिसेनासे झाले तरी जाऊ उभी होती.

काही आठवड्यांनी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात शेपटीचा तुकडा आला. रापणकरांनी ओळखून घरी आणून दिला. रेशीम गेले होते. सुकाणू मिठाने घट्ट बसले होते, उजवीकडे. सासूबाईंनी ते हातात घेतले, पाहिले, आणि जावेला दिले. त्यानंतर त्यांनी कधी काही विचारले नाही, आणि भावकीतल्या कोणी क्रियेचा विषय काढला नाही.

दीर आले नाहीत. त्यांचे क्रियाकर्मही झाले नाही.

कपाटात आहे ते हे सुकाणू. ते अजून उजवीकडेच आहे. हलवून पाहिले तर हलत नाही. नकाशा वाळवीने खाल्ला. माझी जाऊ अजून कुंकू लावते.