मुराळी निघाली डेन्मार्कला

ज्या दिवशी मी डेन्मार्कला निघाले, त्या दिवशी आमच्या घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. थोरले दीर, ज्यांना सगळं आखाडा बाळापूर गाव 'दादा' म्हणतं, ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. जाऊबाईंनी हातावर दही-साखर ठेवली आणि त्या लगेच आत वळल्या. आमचे हे तेवढे बॅग उचलून मुकाट्याने रस्त्यापर्यंत आले. परदेशी निघालेल्यांचे डोळे निरोपाच्या वेळी पाणावतात असं मी पुष्कळदा वाचलं होतं. माझे डोळे कोरडे होते आणि डोकं तापलेलं होतं.

राग कशाचा ते आधी सांगते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. माझी एकुलती लेक वैशाली लग्नानंतर जावयाबरोबर डेन्मार्कला गेली. जावई तिथे पवनचक्क्यांच्या कामात इंजिनियर. शाळेत मी पोरांना नकाशावर तो देश दाखवला, तर माझ्या अंगठ्याखाली सगळाच्या सगळा झाकून गेला. आपल्या मराठवाड्याहूनही लहान. पाचवा महिना सरत असताना वैशूचा फोन आला. एसटीडी बूथच्या त्या काचेच्या खोक्यात मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी होते. ती म्हणाली, "आई, डॉक्टर एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणतात. मला तिकडं येणं जमणार नाही. तूच ये. दुसरं कुणी नको."

जावयाने माझ्या नावाचं आमंत्रण आणि तारीख मोकळी ठेवलेलं विमानाचं तिकीट धाडलं. व्हिसा मिळाला. मी प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे वरच्यांची परवानगी लागते, तीही मिळाली. सरकारची परवानगी मिळाली, घरची मिळेना.

दादांचं म्हणणं असं, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे. मुराळी (लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा माणूस) धाडा आणि पोरीला घेऊन या. आणि मुराळी म्हणजे पुरुषमाणूस.

"बायकू कधी मुराळी झालेली पाह्यली का तुमी?" दादांनी ह्यांना विचारलं. मला नाही, ह्यांना. "म्या जातो संगं. मोठा माणूस गेल्यावर जावई काहून न्हाई म्हनंल?"

"तिला प्रवास करायचा नाही, दादा. डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"तिथल्या डाक्टरला आपल्यातलं काय कळतंय?"

ह्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. दादा बोलले की हे मान हलवतात. लग्न झाल्यापासून बघते आहे. दादांकडे पासपोर्ट नव्हता. अर्ज केला, आणि तो येईपर्यंत मी थांबायचं ठरलं. कोणी ठरवलं, मला माहीत नाही. मला फक्त सांगण्यात आलं.

त्या थांबण्यात सातवा महिना गेला. रिकामं बसवेना म्हणून मी हिंगोलीला जाऊन खरेदी उरकली. डिंक, हळीव, बाळंतशेपा, खोबरं. लोकरीचे मोजे शोधत फिरले, तर दुकानदार मला माकडटोपी दाखवू लागला. शेवटी अमीनभाई पिंजाऱ्याकडे गेले. आमच्या घरच्या गाद्या त्यांच्याच हातच्या. बाळासाठी दुलई भरून घ्यायची होती.

"चांगली जाड करा. तिथं बर्फ पडतं," मी म्हटलं.

"जाड केली तर लेकरू खाली दबंल, बाई. हलकीच भरतो." कापूस पिंजता पिंजता त्यांनी विचारलं, "कवा निघून राहिल्या?"

"दादांचा पासपोर्ट आला की."

"व्हय? अन् लेकीला कितवा?"

"सातवा सरत आला."

त्यांनी पिंजणं थांबवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पिंजायला लागले. त्या बघण्याचाही मला राग आला. घरी येताना बसमध्ये दुलई मांडीवर होती, आणि कंडक्टरने सुट्टे मागितले तर त्याच्यावरही मी उगाच खेकसले.

आठवा लागला आणि पासपोर्ट आला. मला वाटलं, आता त्यांचा व्हिसा काढला की हलायचं. तर दादा पंचांग घेऊन बसले. आठव्यात गर्भारणीने वेस ओलांडायची नसते. म्हणून आठव्यात मुराळी धाडायचा नाही. नवव्यात जाऊ, नवव्यात आणू. मी सांगितलं की नवव्यात विमानात बसूच देत नाहीत. दादा म्हणाले, "मंग बोलून पाहू त्यांच्याशी." विमान म्हणजे जणू वारंगा फाट्याची काळीपिवळी जीप, हात केला की थांबणारी.

तीन आठवडे मी हे ऐकून घेतलं. मग फोनवर वैशूचा आवाज बारीक वाटला. काय होतंय विचारलं, तर "काही नाही, पाय सुजलेत" म्हणाली. घरी आले आणि ओसरीवर उभी राहून सांगितलं, "आठवा तिला लागलाय, मला नाही. मी उद्या निघते. एकटी."

बाळापूरहून वारंगा फाट्यावरून नांदेड, नांदेडहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून विमान. मुंबईच्या विमानतळावर हळिवाच्या पुडीवरून मला बाजूला घेतलं. "ये क्या है?" तपासणाऱ्या पोराने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, तुझ्या वेळी तिने हेच खाल्लं असेल." तो हसला आणि पुडी परत दिली. त्या सगळ्या प्रवासात माझ्याशी सरळ वागलेला तो पहिला माणूस.

कोपनहेगनला उतरले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील, आणि बाहेर काळोख झालेला. जावई दारात उभे होते. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. मला बघून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, काल पहाटे. दोघी चांगल्या आहेत."

काल पहाटे. म्हणजे मी नांदेडच्या रेल्वेतून मुंबईला उतरत होते तेव्हा. आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी राग उसळला. पावणेदोन महिने. व्हिसा माझ्या कपाटात होता, आणि मी ओसरीवर एका माणसाच्या पासपोर्टची, मग त्याच्या पंचांगाची वाट बघत बसले होते.

तिथून त्यांचं गाव रेल्वेने तीन-चार तासांवर. डबा स्वच्छ, आणि इतका शांत की मला माझाच श्वास ऐकू येत होता. समोर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिने जावयांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

जावई संकोचले. "विचारतात, तुम्ही आजारी आहात का."

"सांगा, आजारी नाही, रागावलेली आहे. लेकीच्या बाळंतपणाला उशिरा पोचले."

त्यांनी सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेला कानेलस्नाइल (दालचिनी घातलेला, गुंडाळी केलेला गोड पाव) काढून तिने माझ्या हातात दिला. समजूत काढली नाही, हसली नाही. मी सगळा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दवाखान्यात वैशू अनवाणी, डोक्याला काही न बांधता, खिडकीशी बसून काळ्या पावावर गार चीज खात होती. ओल्या बाळंतिणीला हे खायला! मी तिथल्या नर्सला मराठीतच झापलं. ती "या, या" (हो, हो) म्हणत हसली आणि निघून गेली. मग मी बाळाला घेतलं. ती माझ्या आईसारखी दिसत होती, कपाळ तसंच रुंद.

"फार त्रास झाला का गं?"

"झाला." वैशू पावाचा तुकडा ताटात ठेवत म्हणाली. "रात्रभर चाललं. हे होते जवळ. इथं नवऱ्याला आत थांबू देतात."

मी बाळंत झाले तेव्हा माझी आई उशाशी होती. मी कितीदा तिला हाक मारली असेल, देव जाणे. बाई कळा देताना दुसरं काय म्हणते? मी तेच वैशूला बोलून दाखवलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नाही हाक मारली. ओठावर आली होती, पण गिळली. म्हटलं, हाक मारली अन् तू आलीच नाहीस, तर माझ्याच्यानं पुढचं व्हायचं नाही. दात आवळून पडले."

त्यानंतर मी तिथे दोन महिने राहिले. तेल-पाणी केलं, लाडू केले, शेक द्यायला निखारे मिळेनात म्हणून तवा तापवून कापड गरम केलं. त्या देशात तान्ही बाळं गाडीत घालून भर थंडीत घराबाहेर झोपवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आरडाओरडा केला. वैशूनेही आमच्या बाळाला तसंच झोपवलं, तेव्हा मी दार उघडून थंडीत बाहेर उभी राहिले, नात उठेपर्यंत. बाळ मात्र अमीनभाईंच्या दुलईत घामेजलेलं होतं. लोक सभ्य, रस्ते चांगले, समुद्र राखाडी. आणखी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण जे काही बघायची, त्याच्या मध्ये ते वैशूचं दात आवळलेलं तोंड येऊन उभं राहायचं.

परत आले तेव्हा हळदीचा हंगाम होता, सगळं बाळापूर शिजत्या हळदीच्या वासात. आमच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. दादा खुर्चीत बसले होते, आणि माझ्यावरचा त्यांचा राग निवळलेला दिसत होता.

"मुराळी मोकळीच आली म्हनायची," ते म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. "असू द्या. पोरगी सुखरूप सुटली, घरात लक्षुमी आली. बराबरच झालं सारं. जा, हातपाय धुऊन घे. च्या पी. मंग सांग निवांत."

आमच्या घरात 'मंग' म्हटलं की ती गोष्ट पुन्हा निघत नाही. म्हणून मी आत गेले नाही. खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"दादा, बरोबर काही झालं नाही. तुमची वाट बघण्यात पावणेदोन महिने गेले. माझ्या लेकीला एवढ्या कळा आल्या, अन् तिला आई म्हणून हाक मारायची भीती वाटली. आई येणार नाही, हे तिनं गृहीत धरलं होतं. ते तुमच्यामुळं."

 दादा उठले, धोतर सावरलं आणि आत गेले. जाऊबाई दाराआड उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. हे माझी बॅग हातात धरून जमिनीकडे बघत होते.

"तुमी काहून खाली बघून राहिले?" मी त्यांना म्हटलं. "ती तुमचीबी लेक हाय."

त्यांनी मान हलवली.