आधी मागलं सांगा

संशोधनाची सुरुवात प्रश्नापासून होते, असं आमच्या प्राचार्यांनी शेवटच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा काढला, म्हणजे वाक्य महत्त्वाचं होतं. आमच्या नर्सिंग कॉलेजातलं संशोधन मात्र एसटीच्या वेळापत्रकापासून सुरू व्हायचं. त्र्यंबकच्या रस्त्याला सकाळी नेऊन दुपारी दोनला परत आणणारी बस ज्या गावाला जाते, त्या गावातल्या बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हा प्रश्न कॉलेजला दरवर्षी नव्याने पडायचा. बस दुसऱ्या गावाला जात असती, तर तिथल्या बायका अशक्त ठरल्या असत्या.

प्रकल्प दोघींनी मिळून करायचा होता. माझी जोडीदारीण वर्गात पहिली यायची आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घ्यायची. हजेरीपटात आडनावं शेजारी आली, एवढाच आमचा संबंध. तीस बायकांची बोटं टोचायची, प्रश्नावली भरायची, रक्त कॉलेजात आणून मोजायचं. आकडा गावात सांगायचा नाही, असा मार्गदर्शक मॅडमचा नियम होता. सांगितला की बायका घाबरतात आणि प्रश्नावलीतली उत्तरं बदलतात.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसल्या होत्या.

"नमस्कार मावशी," जोडीदारीण म्हणाली.

"मावशी म्हणू नको. मावशी म्हणलं का मागून सुई निघती."

जोडीदारणीने हसून संमतीपत्र काढलं आणि बातम्या वाचतात तसं वाचायला घेतलं. आपला सहभाग ऐच्छिक आहे. आपली सर्व माहिती गोपनीय ठेवण्यात येईल.

"गोपनीय म्हंजी?"

"म्हणजे कुणाला सांगणार नाही."

"खरंय," बाई म्हणाल्या. "मागल्या साली घेतलं, ते अजून कोणाला नाय सांगितलं. मलाबी नाय."

मग त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला आणि आपलं म्हणणं मांडलं. टोमॅटोच्या तोडणीला गेलं की त्यांना चक्कर यायची आणि त्या बांधावर बसायच्या. मुकादम सगळ्यांदेखत कामचुकार म्हणायचा आणि गेले दोन दिवस त्याने त्यांना गाडीत घेतलं नव्हतं. मागच्या वर्षी आमच्यासारख्याच दोघी येऊन रक्त घेऊन गेल्या होत्या. कळवतो म्हणाल्या होत्या.

"मी कामचुकार हाय का माझं रक्त कमी हाय, येवढंच मला पायजे. आधी मागलं सांगा, मग पुढचं बोट."

"तो डेटा मागच्या बॅचचा आहे," जोडीदारीण म्हणाली.

"बोट माझं व्हतं."

यावर आमच्या प्रश्नावलीत पर्याय नव्हता. शेजारच्या ओट्यावरची बाई हे सगळं ऐकत होती. तिनेही हात पदराखाली घेतला आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत एकही बोट बाहेर राहिलं नाही. आम्ही रिकाम्या नळ्या घेऊन दोनच्या बसने परत आलो. नमुन्याच्या असहकाराबद्दल प्रबंधात कुठे लिहायचं, एवढंच जोडीदारणीने वाटेत विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे जाऊन त्या बाईंचा मागच्या वर्षीचा आकडा मागितला.

"गोपनीयता शिकवली ना तुम्हाला?"

"तिचाच आकडा तिला सांगायचाय, मॅडम."

"तिचा आहे हे तुला कळणार कसं? म्हणून तर नावं नसतात." मॅडमना या उत्तराचा आनंद झालेला स्पष्ट दिसला.

विभागाच्या कपाटात सगळ्या वर्षांचे प्रबंध ओळीने ठेवलेले होते, काळं रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. कपाटाला कुलूप नव्हतं. आजवर ते उघडावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. मागच्या वर्षीच्या प्रबंधात सुरुवातीलाच बोट टोचतानाचा रंगीत फोटो होता. शेवटी जोडलेल्या तक्त्यात नावं नव्हती, पण चार मुलं आणि त्यांत एक जुळं, अशी बाई एकच होती. जुळ्यांचं त्यांनीच आम्हाला ओट्यावर सांगितलं होतं. वय चौतीस, हिमोग्लोबिन अकरा पॉइंट आठ. म्हणजे चक्कर येण्याइतकं काही कमी नव्हतं आणि मुकादमाचं म्हणणं खरं होतं. मला वाईट वाटलं.

मग मी त्याच्या आधीच्या वर्षीचा प्रबंध काढला. तिथेही चार मुलं, एक जुळं, वय चौतीस, अकरा पॉइंट आठ. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच. सगळ्या तीस ओळी त्याच क्रमाने होत्या. त्या गावातल्या बायका तीन वर्षांत एका दिवसानेही मोठ्या झाल्या नव्हत्या.

पुढच्या सुट्टीला मी सुई, आम्ल, मोजण्याची नळी आणि रंग जुळवायची तपकिरी काच पिशवीत घालून एकटीच गेले. बाई त्याच ओट्यावर होत्या.

"मागचं मोजलंच नव्हतं," मी सांगितलं.

"मग टोचलं कशाला?"

"फोटोसाठी."

संमतीपत्र मी पुढे केलं, ते त्यांनी परत ढकललं. "सही नाय करायची. मागल्या साली सहीच केली व्हती." पण हात पदराबाहेर काढला. "इथंच मोज. माझ्यासमोर."

मी बोट टोचलं, रक्त नळीतल्या आम्लात सोडलं आणि दहा मिनिटं थांबले. मग थेंब थेंब पाणी घालत रंग काचेशी जुळवला. बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, आणि एकदा "अजून काळं हाय, घाल पाणी," असंही म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. आकडा सात पॉइंट दोन आला.

"किती पायजे?"

"बारा."

"म्हंजी कामचुकार नाय."

"नाही. पण आजच आरोग्य केंद्रात जा. हे थांबण्यासारखं नाही."

"जाती. आधी कागदावर लिही. मुकादमाला कमी दिसतं, मोठ्या अक्षरात लिही."

मी प्रश्नावलीच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

आमचा प्रबंध वेळेवर सादर झाला. तीस आकडे लागतात आणि तेवढे कपाटात आहेत, हे जोडीदारणीला माझ्याआधीच माहीत होतं. मला पदवी हवी होती, मीही सही केली. प्रयोगशाळेतल्या वहीत सात पॉइंट दोनची नोंद मी केली होती, पण मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली, कारण त्या बाईंची संमतीपत्रावर सही नव्हती. प्रबंधात त्यांचं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट आठ आहे. वय चौतीस.